देव धोबी केव्हापासून झाला?

आमच्या भागातल्या एका छोट्या ख्रिस्ती मंडळीत प्रवचनाच्या मधे प्रश्न विचारायची पद्धत नाही. ऐकायचं, पंख्याखालची जागा सांभाळायची आणि शेवटी "आमेन" जरा मोठ्यानं म्हणायचं, म्हणजे आपण जागे होतो हे सिद्ध होतं. एप्रिलमधल्या एका रविवारी सुवार्ताबाई मधल्या बाकावरून उठल्या आणि म्हणाल्या, "पास्टरजी, हे केव्हापासून?"

पास्टर शांतवन वयानं तरुण, शिक्षण बंगलोरला झालेलं, पुलगावला येऊन वर्ष व्हायचं होतं. त्यांनी चष्मा सारखा केला. "काय केव्हापासून, बाई?"

"हेच. देव शिक्षा नाई करत, निस्ता धुते, असं सांगून राह्यले ना तुम्ही? माझ्या मायच्या वेळी तं देव ठाणेदार होता. आता प्रभाकरराव बिमार पडले, तं धोबी झाला?"

एवढं बोलून त्या खाली बसल्या नाहीत. पदर खोचून, चपला घालून निघून गेल्या. त्या दिवशी पुढचं प्रवचन फार लांबलं नाही असं म्हणतात.

मी त्या मंडळीचा नाही. मी नाचणगाव रस्त्यावर सुवार्ताबाईंच्या दुकानासमोर राहतो आणि माझ्या पँटी त्यांच्याकडून कमी-जास्त करून घेतो. नाव सुवार्ता, म्हणजे चांगली बातमी. पण त्यांच्या तोंडून चांगली बातमी मी फारशी ऐकलेली नाही. दुकान म्हणजे घराची पुढची खोली. एक शिलाई मशीन, फॉल-पिकोची पाटी, शाळेच्या गणवेशांचा ढीग. वय साठीच्या अलीकडे. त्यांचा राग हा गावात पोस्ट ऑफिसासारखा आहे. सगळ्यांना पत्ता माहीत, आणि काम असल्याशिवाय कोणी जात नाही.

त्यांचं आणखी एक काम होतं, ज्याची पाटी नव्हती. मंडळीतलं कोणी वारलं की पेटीच्या आतलं अस्तर त्या शिवत. पांढरा मांजरपाट, कडेनं बारीक चुण्या, डोक्याखाली कापूस भरलेली लहान उशी. अस्तर मंडळीतल्याच कोणाच्या हातचं असावं, दुकानाचं नको, हा नियम. तो शास्त्रात नाही. तो प्रभाकररावांचा होता.

प्रभाकरराव म्हणजे मंडळीचे वडील. वयानंही आणि पदानंही. निवृत्त मुख्याध्यापक. एका गरीब माणसानं बापासाठी वर्ध्याहून तयार अस्तराची पेटी आणली, तेव्हा त्यांनी कबरस्तानाच्या फाटकात उभं राहून ते अस्तर उचकटायला लावलं होतं. माणूस तत्त्वाचा. तत्त्व नेहमी दुसऱ्याच्या पेटीला लागू पडे, हा केवळ योगायोग.

त्या एप्रिलमध्ये ते वर्ध्याच्या दवाखान्यात शेवटचे दिवस मोजत होते, आणि पास्टर शांतवन यांनी त्या निमित्तानं देवाच्या न्यायाचा विषय घेतला होता. देवाचा न्याय म्हणजे सूड नव्हे, ते म्हणाले. रुपं, म्हणजे चांदी, गाळणारा भट्टीपुढे बसतो आणि मळ वेगळा होईपर्यंत उठत नाही, तसा देव बसतो. धोबी खार लावतो तो कापडाचा राग येऊन नव्हे. आग माणसाला जाळायला नसते, माणसाला चिकटलेलं जाळायला असते.

हे काही पास्टरांनी घरी बसून काढलेलं नाही. ख्रिस्ती धर्मात हा वाद फार जुना. एका पक्षाचा देव कायम न्यायासनावर बसलेला, हातात निकाल. दुसऱ्या पक्षातल्या काही प्राचीन धर्मपंडितांनी तेव्हाच सांगून ठेवलं होतं की मळ संपला की आगही संपते, आणि शेवटी कोणी बाहेर उरत नाही. पुढे युरोपात मतभेदापायी माणसं जाळायला निघाली तेव्हा ती आग यांतली कुठली, हे मात्र कोणी विचारलं नाही. सुवार्ताबाईंनी हे ग्रंथ वाचलेले नाहीत. त्यांचा आक्षेप तारखेवर होता.

तारीख अशी. सुवार्ता सहा-सात वर्षांची असताना तिच्या अंगावर माता आली. म्हणजे कांजिण्या, पण आमच्याकडे कांजिण्या येत नाहीत, माता येते. ताप उतरेना. बाप मिलमध्ये पाळीवर. आई कमला, दिवसभर पोरीला कडुलिंबाच्या पाल्यानं वारा घालत बसलेली. शेजारी जयवंता नावाची शेतकऱ्याची सून होती, नवीनच लग्न झालेली. ती म्हणाली, चाल व, मातामायवर पाणी टाकू. आमच्याकडे गावाच्या कडेला ओट्यावर शेंदूर लावलेला दगड असतो, ती मातामाय. घरात माता आली की बायका ओलेत्यानं जाऊन तिच्यावर घागरभर पाणी टाकतात. तिला थंड वाटलं की लेकराला थंड वाटतं, असा हिशेब. कमला गेली. पाणी टाकलं. पोरगी बरी झाली. त्या बऱ्या होण्याचं श्रेय कोणाला, हा प्रश्न मी सोडून देतो.

मंडळीनं सोडला नाही. प्रभाकरराव तेव्हा पस्तिशीतले, नवे नवे वडील झालेले, आणि नव्या अधिकाऱ्याला पहिली केस लागते. कमलाला पंचांपुढे उभं केलं. मूर्तीपुढे गेलीस, पश्चात्ताप कर, सगळ्यांसमोर चूक झाली म्हण. ती म्हणाली, "पाणीच तं टाकलं." तीनदा विचारलं म्हणतात, तीनदा तेच उत्तर. तिला प्रभुभोजनापासून दूर ठेवलं. रविवारी ती मागच्या बाकावर बसायची आणि भाकरीचं ताट तिच्यापुढून तसंच पुढे जायचं. दोन उन्हाळ्यांनी ती वारली. पंचांनी ठरवलं की पश्चात्तापाविना मेलेल्या बाईला कबरस्तानात जागा नाही. "न्याय देवानं केला," प्रभाकरराव म्हणाले. कुंपणाबाहेर, चादरीत गुंडाळून पुरली. पेटी नाही, अस्तर नाही, प्रार्थना नाही. नवरा मान खाली घालून उभा होता. तो पुढे वारला तेव्हा आत गेला. नवरा आत, बायको बाहेर.

आणि एवढ्यावर संपलं असतं तर मी हे लिहिलं नसतं. पुढे कुंपणाच्या जागी विटांची भिंत बांधायची ठरली. कुंपणाबाहेरची ती पट्टीही मंडळीच्याच मालकीची. भिंत सरळ घेतली तर कमला आपोआप आत येत होती. प्रभाकरराव दोरी लावायला स्वतः उभे होते. भिंत तिथं वाकवली. आजही जाऊन पाहा: सरळ येते, एका जागी आत वळसा घेते आणि पुन्हा सरळ होते. कोणी विचारलं तर मधे बाभूळ होती म्हणत. बाभूळ केव्हाच पडली. वळसा राहिला.

तर प्रश्न होता, हे केव्हापासून. त्याचं उत्तर मिळायच्या आत प्रभाकरराव गेले.

मे महिना. सकाळी नऊलाच रस्ता तापलेला. राकेश, त्यांचा मुलगा, दुकानात आला. पंचेचाळिशीचा, नागपूरला नोकरी, रात्रभर जागलेला, डोळे लाल. मी तिथं पँट घ्यायला गेलो होतो आणि उठायचं राहून गेलं.

"ताई," तो म्हणाला, "बाबा गेले."

"समजलं मले. देव त्याले शांती देवो म्हणते मी, तोंडानं तं म्हणाच लागते." मशीन चालूच होतं.

"अस्तराचं..."

"नाई शिवत."

"ताई, आज संध्याकाळीच करा लागते. घरी बर्फावर ठेवलं. हे ऊन पाहून राह्यली ना तू?"

"वर्ध्याले तयार भेटते. मस्त साटीनचं. झालर राह्यते त्याले. जाय, आण. मी कुठं अडवलं तुले?"

साटीनचं अस्तर लावलेली पेटी त्या फाटकातून गेली तर पहिला कोण हसेल याची राकेशलाही कल्पना होती. बापानं उचकटायला लावलेल्या त्या अस्तराची गोष्ट गावात अजून सांगतात.

"तुले काय पाहिजे ते सांग," तो म्हणाला.

आता मशीन थांबलं.

"माय आत पाहिजे. वाकडी भिंत पाडजो. अन् तुह्या बापानं काय केलतं, ते सगळ्यांसमोर, नाव घेऊन, पेटी खाली जायच्या आधी सांगा लागते. दोन गोष्टी. तिसरी नाई."

"ताई, पन्नास वर्षं होऊन गेली..."

"हो न. पन्नास वर्षं उभी हाय ते बाहेर."

राकेशनं कपाळ दाबलं. मग खाली बघत म्हणाला, "तुले एक सांगू? बाबानं जागा सांगून ठेवली होती. आईजवळ नाई. म्हणाले, मले त्या वाकड्या भिंतीपाशी ठेवजा. मी विचारलं काऊन, तं तिकडं तोंड करून झोपले."

मला वाटलं आता बाई विरघळतील. कथेत तरी विरघळल्या असत्या. सुवार्ताबाई उभ्या राहिल्या आणि त्यांचा आवाज रस्त्यापलीकडे गेला.

"भिंतीपाशी! वा रे वा! म्हंजे मनात माहीत होतं! माहीत होतं अन् जिभेले कुलूप! मेल्यावर बाजूले येऊन झोपले की झालं? मधात भिंत ठेवून? एवढं वाटत होतं तं भिंतीबाहेर काऊन नाई म्हणाला झोपतो म्हून?"

राकेश निघून गेला. मी पँट घेतली. पँटीकडे कोणाचं लक्ष नव्हतं, माझंही नाही. घरी गेल्यावर कळलं की दुसऱ्याच कोणाची आणली.

तासाभरानं पास्टर आले, आणि त्यांच्याबरोबर मंडळीचे सचिव सालोमन मास्तर. मी पँट परत द्यायला गेलो होतो.

सालोमन मास्तरांनी सुरुवात केली. "सुवार्ताबाई, मयताच्या दिवशी असं बरं नाही. भिंतीचा विषय कमिटीपुढे ठेवू. कमिटीनं ठराव केला की नागपूरच्या ऑफिसला कळवू. तिथून आलं की—"

"मास्तर, भिंत वाकडी केली तवा नागपूरले कळवलतं?"

मास्तरांनी रुमालानं मान पुसली. सचिवाच्या कामात मान पुसायला बराच वाव असतो.

पास्टर मात्र खाली स्टुलावर बसले. "बाई, एक विचारू? भिंतीबाहेर कोणी आहे, हे मला आजपर्यंत माहीत नव्हतं. मला वाटलं तो मातीचा ढीग आहे. मला कोणी सांगितलंच नाही."

"कोण सांगन? सांगणारे आत होते."

"मी ते प्रवचन प्रभाकररावांची सोय म्हणून केलं नाही. मी खरंच तसं मानतो. देवाचा न्याय धुण्यासाठी असतो, सगळ्यांसाठी. तुमच्या आईसाठीही."

"मायले काय धुवाचं होतं? पाणी टाकल्याचा डाग राह्यते का?"

"नाही," पास्टर म्हणाले. "धुवायचं होतं ते पंचांना."

"मंग तसं सांगा ना! सांगा न बाप्पा! मले त्याले शिक्षा नाई पाहिजे. नरकात उकळून काय भेटते मले? पण धुतो म्हणता तं डाग तं दाखवा आधी. हळदीचा की तेलाचा की रक्ताचा, ते पाह्याचं नाई, गाठोडं तसंच बुडवाचं अन् म्हणाचं, झालं सफेद! ठाणेदार परवडला. तो निदान गुन्हा काय, ते वाचून दाखवते."

यावर सालोमन मास्तर म्हणाले की हा धर्मशास्त्राचा प्रश्न आहे. पास्टर म्हणाले, "मास्तर, हा धर्मशास्त्राचाच प्रश्न आहे, म्हणून तुम्ही थोडं गप्प बसा." त्यांच्या तोंडून असं वाक्य पुलगावनं प्रथमच ऐकलं.

"संध्याकाळच्या प्रार्थनेत मी सांगतो," पास्टर उठून म्हणाले. "नाव घेऊन सांगतो. पण भिंत मी एकटा पाडू शकत नाही. मला सही करायचाही अधिकार नाही."

"भिंतीले सही नाई लागत. सब्बल लागते," बाहेरून आवाज आला. राकेश दारात उभा होता. हातात खरंच सब्बल, म्हणजे पहार, होती, कुठून तरी उसनी आणलेली, आणि नागपूरच्या पांढऱ्या शर्टाला गंजाचे पट्टे. "चाल ताई. तू इकडं शिव, मी तिकडं वीट काढतो. बाबाले बर्फावर किती वेळ ठेवू मी?"

सुवार्ताबाईंनी त्याच्याकडे पाहिलं. "अगोदर वीट," त्या म्हणाल्या.

"अगोदर वीट," तो म्हणाला.

त्यांनी विश्वास ठेवला नाही. मशीनचं डोकं उचलून ऑटोत ठेवलं, मांजरपाटाचा तागा मांडीवर घेतला, आणि कबरस्तानाच्या फाटकाशी असलेल्या पत्र्याच्या शेडमध्ये हातचाक लावून मशीन मांडलं. तिथून वाकडी भिंत दिसते. पत्रा इतका तापला होता की खाली उभं राहणं म्हणजे प्रवचनातला मुद्दा अंगानं समजून घेणं होतं. राकेश वीट काढायचा, त्या तेवढा टाका घालायच्या. तो दम घ्यायला थांबला की चाक थांबायचं. "काऊन रे? दुपारची झोप आली?" "पाणी तं पिऊ दे ताई!" "पी. मायनंही पाणीच टाकलतं."

पहिल्या तासात मंडळीतले चार-पाच जण येऊन उभे राहिले. कोणी अडवलं नाही, कोणी हातही लावला नाही. मंडळीत अशी उभं राहण्याची परंपरा जुनी आहे. मग एका म्हाताऱ्यानं टोपी काढून ठेवली आणि विटा बाजूला रचायला घेतल्या. तो त्या वेळी पंचांत होता का, मी विचारलं नाही. रचताना त्यानं एकदाही वर पाहिलं नाही.

भिंत पडली तेव्हा पलीकडे काय होतं? तरोट्याचं तण, प्लास्टिकच्या पिशव्या, बाभळीचं सुकलेलं खोड आणि एक लांबट उंचवटा. सुवार्ताबाई मशीनवरून उठल्या नाहीत. चाक मात्र काही वेळ फिरलं नाही, आणि राकेशनंही त्यांना टोचून बोलायची संधी सोडून दिली.

संध्याकाळी पेटी आली. अस्तर लागलेलं होतं, चुण्या सरळ, उशी जागेवर. कामात त्यांनी राग शिवला नव्हता; तो त्यांनी बाहेर ठेवला होता, सगळ्यांना दिसेल असा.

पास्टर शांतवन यांनी पेटीशी उभं राहून प्रभाकररावांचा जन्म, नोकरी, सेवा सांगितली. मग घसा साफ केला. "मंडळीच्या इतिहासात काही दुःखद मतभेदही झाले—"

"नीट सांगा," सुवार्ताबाई म्हणाल्या.

पास्टरांनी डोळे मिटले, उघडले. आणि नीट सांगितलं. कमलाबाई कोण, पोरगी आजारी होती, तिनं काय केलं. तिला कोणी उभं केलं, ताट कोणी पुढे नेलं, बाहेर कोणी पुरलं, भिंत कोणी आणि कशासाठी वाकवली. प्रभाकररावांचं नाव घेतलं. बाकीच्या पंचांचीही घेतली, त्यातल्या दोघांची मुलं समोर उभी होती. "हे आपण केलं," ते म्हणाले. "देव यांना फेकून देणार नाही, असं मी मानतो. पण हे त्यांना तिच्यासमोर बघावं लागेल, हेही मी मानतो. आग म्हणजे तेच असेल. आणि ती सोपी असेल असं मला वाटत नाही."

कोणी आमेन म्हणालं नाही. ते पहिल्यांदाच जागे होते.

पेटी खाली गेली. मग एकेकानं मूठभर माती टाकायची असते. राकेशनं टाकली, आणि तिथंच उकिडवा बसून रडला. सुवार्ताबाईंची पाळी आली. त्यांनी टाकली नाही, मारली. ढेकूळ पेटीवर आपटून फुटलं. "घे," त्या खड्ड्यात बघत म्हणाल्या, आणि आयुष्यात पहिल्यांदा त्यांना तोंडावर अरेतुरे केलं. "आता मधात भिंत नाई. सांग तिले."

लोक परतायला लागले होते तेव्हा जयवंता आली. आता सत्तरीच्या पुढची, कमरेत वाकलेली, कडेवर पितळी घागर. ख्रिस्ती कबरस्तानात ती यापूर्वी आली नव्हती. बाहेर कमलापाशी मात्र येत असे, आणि हे मला त्या दिवशी कळलं. ती पडलेल्या विटांवरून सावकाश पलीकडे गेली आणि कमलाच्या उंचवट्यावर घागर रिकामी केली.

सालोमन मास्तर पुढे झाले. "अहो, हे आपल्यात—"

"पाणीच तं हाय," जयवंता म्हणाली.

मास्तरांनी सुवार्ताबाईंकडे पाहिलं, मग राकेशच्या हातातल्या सब्बलीकडे, आणि रुमाल काढून मान पुसली.

निघताना पास्टर सुवार्ताबाईंच्या बाजूनं चालत होते. मशीनचं डोकं त्यांनीच उचललं होतं, चुकीच्या बाजूनं, आणि त्याबद्दल बोलणीही खाल्ली होती. फाटकाशी त्यांनी विचारलं, "आता राग गेला का, बाई?"

"कायले जाईन?" सुवार्ताबाई म्हणाल्या. "त्याचं धुणं आत्ता तं सुरू झालं, तुम्हीच सांगतलं ना. होऊ द्या पुरं. मंग पाहू."